तक्त्यात नसलेला रकाना

सरकारी कागदावर बदरुद्दीन खब्बाज होता, म्हणजे पाव भाजणारा. दापोलीकडच्या या गृहस्थाने जन्मात एक पाव भाजला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी मिळाला तो व्हिसा बेकरीचा होता, म्हणून इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, खब्बाज. प्रत्यक्षात तो इथे आखातात, अम्गऱ्यातल्या लोखंडाच्या यार्डांचा वायरलेस सांभाळायचा. कागद एक आणि काम भलतंच, अशी माणसं इथे पैशाला पासरी मिळतात.

आमच्या कंपनीची सात यार्डं, सात क्रेन, आणि वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी फक्त चार. म्हणजे वाटून घेणं आलं. कोणी कुठल्या चॅनेलवर बोलायचं ते बदरुद्दीन ठरवायचा. त्याचा नियम एकच होता: एका चॅनेलवर एका भाषेची दोन यार्डं ठेवायची नाहीत. मल्याळी यार्डाबरोबर बंगाली, हिंदीबरोबर मिसरी अरबी. शेजारच्याची आरोळी ऐकू आली तरी कळायला नको, म्हणजे त्याच्या हुकमावर आपली क्रेन हलत नाही. माणसं तर दर आठवड्याला या यार्डातून त्या यार्डात जायची. म्हणून रोज सकाळी साडेपाचला तो वायरलेसवरून हजेरी घ्यायचा, प्रत्येकाला आपल्या भाषेत चार शब्द बोलायला लावायचा आणि वहीत यार्डासमोर भाषा लिहायचा. मला तो पोरखेळ वाटायचा.

मी प्रभाकर, सांगलीचा इंजिनिअर, त्याच कंपनीत एसीखाली बसणारा. गेल्या वर्षी फर्मान निघालं की वाटून घेतलेल्या फ्रिक्वेन्सींना सरकारमान्य समन्वयक हवा. खब्बाजाला परीक्षेला कोण बसू देणार? मी बसलो. हॉटेलचा हॉल, चाळीस प्रश्न, मध्ये चहा आणि खजूर. अँटेनाची उंची विचारली, अंतर विचारलं, वॉट विचारले. क्रेनखाली उभा असलेला माणूस जिवंत कसा राहतो, एवढं सोडून सगळं विचारलं. मला चाळीसपैकी अडतीस मिळाले आणि मी सर्टिफिकेट चौकटीत बसवून घेतलं. एवढा मूर्ख आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग सरकारी तक्ता भरला. अंतराच्या हिशेबाने तीन आणि पाच नंबरची यार्डं एका चॅनेलवर चपखल बसली. बदरुद्दीनने तक्ता पाहिला आणि चष्मा काढला.

"साहेब, तीन आनि पाच एकत्र नको. दोन्हीकडं हिंदीवाले हायेत."

"बदरुभाई, भाषेचा रकाना आहे का यात?"

"नाय."

"मग झालं तर."

मी त्याला गप्प बसवल्याच्या समाधानात जेवायला गेलो.

चौथ्या दिवशी पाच नंबरमध्ये कोणीतरी "उठाओ!" म्हणालं आणि तीन नंबरच्या क्रेनने तुळई उचलली. तिला साखळी लावणाऱ्या जहीरचा हात अजून साखळीतच होता. बदरुद्दीन बाहेरून माझ्या ऑफिसात धावत आला, माझ्या टेबलावरचा वायरलेस हिसकावून "रोको, तीन नंबर, रोको!" असं ओरडला. क्रेन थांबली. जहीरची तीन बोटं गेली, जीव वाचला.

चौकशीला दोन साहेब आले. त्यांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं, तक्ता तपासला आणि तो निर्दोष असल्याचं सांगून माझं कौतुक केलं. मग त्यांचं लक्ष बदरुद्दीनकडे गेलं. त्यांनी इकामा मागितला. खब्बाज! बेकरी सोडून हा वायरलेसवर काय करतो?

आमच्या मंदूबने, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या इसमाने, बेधडक सांगितलं, "पाव द्यायला आला होता."

साहेबांनी मला विचारलं, "या माणसाचं इथे काही काम होतं?"

खरं बोललो असतो तर कंपनीला दंड झाला असता, माझं सर्टिफिकेट गेलं असतं, आणि कंपनीला झक मारून बदरुद्दीनचा इकामा त्याच्या खऱ्या कामावर करून द्यावा लागला असता. त्याला अजून दोनच वर्षं हवी होती. मुलगी निदा रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे त्याने मला कैकदा सांगितलं होतं. तो माझ्याकडे पाहत होता. मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

दहा दिवसांत त्याला परत पाठवलं. गुन्हा असा लिहिला की पाव भाजणारा बेकरीत सापडला नाही. जाताना त्याने वही माझ्या टेबलावर ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो म्हणाला, "सहा नंबरला कालपासून तेलुगू मानसं आलीत, साहेब. तेवढं बदलून घ्या."

मी बदललं. आता रोज सकाळी साडेपाचला मीच हजेरी घेतो, वहीत भाषा लिहितो आणि त्याप्रमाणे केलेल्या तक्त्याखाली माझी सही ठोकतो. वरचे लोक खूश आहेत. तीन नंबरमधून जहीर रोज विचारतो, "साब, बदरुभाई कब आएंगे?"

कामाशिवाय चॅनेलवर बोलायचं नाही, असं मी त्याला सरकारमान्य आवाजात बजावतो.