गुरुवारची पट्टी

“पाय दाखव बघू.”

कुणीही भेटलं की अक्काचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. मी बेळगावहून हुबळीला शिकायला आलो आणि पहिल्याच रविवारी चर्चच्या पायरीवर तिच्यापुढं हात जोडले, तर तिची नजर माझ्या बुटांवर. “काढ की ते. बोटं चेंगरलीत आत.” बूट मामाचे होते, एक नंबर लहान होते, आणि ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नव्हती.

“अक्का, माणसाच्या तोंडाकडं कधी बघतेस की नाही?” मी एकदा विचारलं.

“तोंड खोटं बोलतंय रे. पायाला ते जमत नाही.”

ती निवृत्त नर्स. लग्न केलेलं नव्हतं. विद्यानगरात माझ्या हॉस्टेलच्या मागं तिच्या दोन खोल्या होत्या. दर गुरुवारी सकाळी ती अळणावरची बस धरायची आणि त्या बाजूच्या एका खेड्यात जाऊन दिवसभर लोकांच्या पायाशी बसायची. तिथली माणसं हिंदू, मराठी बोलणारी, दुसऱ्याच्या शेतात राबणारी. त्यांच्या भेगा, काटे, कुरुपं, चिघळलेली बोटं ती धुवायची, पुसायची, नखं कापायची, जांभळं औषध लावून पट्टी बांधायची. अशी वीस वर्षं. त्या गावात एकानंही धर्म बदलला नाही आणि तिनं कुणाला बदल म्हटलंही नाही. आमच्या चर्चमधल्या एका पुढाऱ्यानं विचारलं होतं, “अक्का, एवढ्या वर्षांत तिथं फळ काय मिळालं?” ती म्हणाली, “कुरूप निघालं की माणूस सरळ चालतंय.” गृहस्थ चहा न घेताच उठले.

तिची पिशवी धरायला म्हणून मीही काही गुरुवार गेलो. तिथं तुळसाबाई नावाची म्हातारी होती. तिला साखरेचा आजार, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. अक्कानं सात महिने त्या अंगठ्यावर काढले होते. शेवटी कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी कातडी धरली, त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अक्का चक्क गुणगुणत होती.

त्याच महिन्यात आमच्याकडं मिशन परिषद भरली. गोकुळ रोडवरचा मोठा हॉल, तीन दिवस, बाहेरगावचे पाहुणे. मी स्वयंसेवक होतो. मोठ्या हौसेनं नाव दिलं होतं. पहिल्याच दिवशी दारात फोटो काढण्यासाठी एक खोटी झोपडी उभी केलेली दिसली. गवताचं छप्पर, चूल, बैलगाडीचं चाक. प्रतिनिधी मंडळी डोक्यावर टोपली घेऊन हसत फोटो काढत होती आणि नंतर पनीरच्या रांगेत उभी राहत होती. तुम्ही अशा सभा पाहिल्या असतील, कुठल्या का धर्माच्या असेनात. व्यासपीठावरून ‘शेवटचा माणूस’ हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मला त्याची शिसारी आली.

शेवटच्या दिवशी पाय धुण्याचा विधी होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून प्रमुख पाहुणे एका गरिबाचे पाय धुणार होते. संयोजकांना त्यासाठी ‘खरा’ गरीब हवा होता. ते मला म्हणाले, “तुझ्या त्या अक्काला सांग, कुणाला तरी घेऊन ये. मोठे डॉक्टर आलेत, पाय तपासतील.” विधीबद्दल तिला काही बोलू नको, असंही म्हणाले. मी निरोप तेवढाच पोचवला. डॉक्टरला अंगठा दाखवता येईल म्हणून अक्का तुळसाबाईला पहिल्या बसनं घेऊन आली.

अक्काला त्यांनी हॉलमध्ये मागं बसवलं आणि म्हातारीला आत नेलं. पट्टी पाहिल्यावर संयोजकांनी नाक मुरडलं. “ती काढ. कॅमेऱ्यात घाण दिसते.”

“अक्कानं बांधलीय, सर.”

“पाच मिनिटांचं काम आहे. परत बांधता येते.”

मी न्हाणीघरात तिच्यासमोर बसलो. तुळसाबाईनं विचारलं, “अक्कांनी सांगितलंय काय काढाय?”

मी हो म्हणालो.

तिनं लगेच पाय पुढं केला. पट्टी चिकटलेली होती. मी ती भिजवून ओढली, तर तिच्याबरोबर नवी कातडीही आली. म्हातारीनं श्वास आत ओढला आणि उलट मलाच म्हणाली, “असू दे बाळा.” मग मी तिचे दोन्ही पाय साबणानं स्वच्छ धुतले, कारण पाहुण्यांनी धुवायचे पाय मळके असून चालणार नव्हतं.

पितळी घंगाळ, गुलाबाच्या पाकळ्या, मंद संगीत. मी टॉवेल धरून उभा होतो. पाहुण्यांनी डोळे मिटून तीन ओंजळी पाणी घातलं. तेवढ्यात मागून अक्का पिशवी घेऊन तरातरा व्यासपीठावर आली आणि गुडघे टेकून अंगठा पाहू लागली.

“पट्टी कुणी काढली?”

मी टॉवेल पुढं केला. ती मान वर न करता पट्टी बांधू लागली आणि संयोजक माइकवर म्हणाले, “पाहा, सेवा कशी संसर्गजन्य असते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यामागं पाहुणे कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळत होते. डॉक्टर आदल्या दिवशीच परत गेले होते.

अंगठा आठ दिवसांत काळा पडला आणि धारवाडला नेऊन कापावा लागला. पुढच्या गुरुवारी अक्का गेली तेव्हा तुळसाबाईचा मुलगा वेशीवरच उभा होता. “तुम्हीच पट्टी काढाय सांगितली म्हणं. फोटोसाठी. परत गावात यायचं नाही.” अक्का त्याच बसनं परत आली. वीस वर्षांचे गुरुवार त्या दिवशी संपले. परिषदेच्या कॅलेंडरवर त्या विधीचा फोटो छापून आला. त्यात पाहुणे होते, घंगाळ होतं, म्हातारी होती. अक्का कापलेली होती.

मला त्या परिषदवाल्यांची किळस आली होती आणि मित्रांपुढं मी त्यांना यथेच्छ शिव्याही घालत होतो. स्वतःचा तो एक ‘हो’ तेवढा गिळून बसलो होतो. गुरुवारी सकाळी अक्का खिडकीत बसलेली दिसायची. मी दुसऱ्या रस्त्यानं कॉलेजला जायचो.

पाच महिन्यांनी एकदा धीर करून तिच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

“ठाऊक आहे रे. टॉवेल धरलेल्या तुझ्या बोटांना माझं जांभळं औषध लागलेलं.”

“मग बोलली का नाहीस? त्या मुलाला तरी सांगायचंस.”

“पोरानं काढली म्हणून सांगू काय? तुझं तू सांगशील म्हटलं.” तिनं पुढची शेंग फोडली. “मला सांगून काय उपयोग? तिकडं जाऊन सांग. मला परत जायचंय रे तिथं. पावसात बोटांच्या बेचक्या कुजतात त्यांच्या.”

पुढच्या गुरुवारी नक्की जातो, म्हणालो. त्या गुरुवारी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाऊस होता. नंतरच्या गुरुवारी काय होतं ते आठवत नाही. एक दिवस अक्का न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. भाची येऊन तिला शिवमोग्ग्याला घेऊन गेली. तीन आठवड्यांनी ती गेल्याचा फोन आला.

मग मी त्या गावी गेलो. तुळसाबाईच्या अंगणात उभं राहून पट्टी मी काढली, अक्काचं नाव मी खोटं घेतलं, हे सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. मुलगा बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता. “एवढंच होतं तर आधी यायचं की,” म्हणाला आणि गोठ्यात गेला.

तुळसाबाई ओट्यावर बसली होती. सगळं ऐकून तिचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजे अक्कांचं काही नव्हतं तर. मग येत्या गुरुवारी येतील काय हो त्या? नखं किती वाढलीत बघा.”

असं म्हणून तिनं चार बोटांचा पाय माझ्यापुढं केला.