गुडघ्यातले जावईबापू

वसमतच्या बसस्टँडमागचे टेलरमामा आपल्या जुन्या गुडघेदुखीला जावईबापू म्हणतात. जा म्हणायची सोय नाही, उलट हळदीचा लेप लावून मान राखायचा. थंडी पडली की "आले बापू" म्हणत मामा शिलाई मशीनचं पायडल दुसऱ्या पायावर सोपवतात.

परवा मी सवयीनं विचारलं, "काय मामा, जावईबापू काय म्हणतात?"

"लई छळून राहिले. कापूनच टाकावं वाटतं!" मामांच्या हातात कात्री होती.

बाकावर चहा पिणारा पाहुणा दचकून उठला आणि पिशवी घेऊन चालता झाला. तो मामांचा खरा जावई होता.

त्याला थांबवायला मामा उठले, तशी कळ आली आणि ते मटकन खाली बसले. मग गुडघा चोळत म्हणाले, "बोललो तुमाला, लागलं त्याला! बापू, तुमी कवा रुसणार?"