डाव्या स्पीकरची लाल तार

आमच्या गल्लीतल्या स्पीकरवाल्याला सगळे ठिणगी म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायला आम्हाला काय जीव नकोसा झालाय? राग त्याच्या नाकावर नसतो, तिथे चष्मा असतो. राग सगळ्या अंगभर पसरलेला असतो. पिन वाकडी लागली की तो आधी पिनवर ओरडतो, मग पिन बनवणाऱ्याच्या आजोबांवर, आणि उरलेलं सगळं मेहुण्यावर. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला माणूस, बारा वर्षं ठिणगीच्या हाताखाली काढून अजून हसतो. कसा हसतो, देव जाणे.

कामात मात्र ठिणगीचा हात धरणारा कोणी नाही. माईक मिक्सरमध्ये, मिक्सरमधून इक्वलायझर, तिथून अँप्लिफायर आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. "पणजा, आजा, बाप, मुलगा, नातू," तो मेहुण्याला दर कार्यक्रमाला बजावतो, "नातू बापाच्या आधी जन्माला घालू नकोस." आवाजाचा जाडपणा-बारीकपणा जुळवायचे इक्वलायझरचे बारके दांडे आहेत ना, त्यांच्यावर त्याने जुन्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने बसवलंय. कारण येणारा-जाणारा दोन्ही टोकांचे दांडे वर आणि मधले खाली करतो. दांड्यांची रांग हसरी दिसली की आवाज गोड होतो, अशी लोकांची समजूत. ठिणगी अशा माणसाला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

त्याची बायको, आमच्या वहिनी, सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकं देत-घेत होत्या. "हळू बोला" सांगता सांगता स्वतःच इतक्या हळू बोलायला लागल्या, की घरात त्यांचं बोलणं ठिणगीला कधी ऐकूच गेलं नाही. त्या वाक्य सुरू करायच्या आणि हा ते ओरडून संपवायचा. त्यांच्या निरोप समारंभाचा स्पीकर अर्थातच घरचा होता. आदल्या दिवशी वहिनींनी एकच मागणं केलं, की माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. मला शिकवू नकोस, असं तो म्हणाला. शेवटच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात, मिक्सर घेऊन तो स्वतःच बसणार होता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वहिनींच्या आलं होतं.

सकाळी ग्रंथालयाच्या सभागृहात मेहुणा डाव्या स्पीकरच्या तारा जोडत होता. सावकाश, नीट बघून. ठिणगीला ते सावकाशपण सोसेना. तो तरातरा गेला, तारा हिसकावल्या, तू गोगलगाईकडे शिकवणीला होतास काय वगैरे सुनावत स्वतःच पिळून घट्ट केल्या. डोळे सगळा वेळ मेहुण्याच्या तोंडावर. वहिनी मंचावर खुर्च्या पुसत होत्या.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि मधल्या रांगांत आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. माणूस विहिरीत उतरून बोलतोय असं वाटत होतं. आमचे एक पेन्शनर मित्र उपकार करायला उठले आणि मागे जाऊन त्यांनी इक्वलायझरच्या झाकणाला हात घातला. ठिणगीने त्यांना जे ऐकवलं, ते माईकशिवाय अध्यक्षांपर्यंत गेलं. मग झाकण त्याने स्वतःच उचकटलं. जाड आवाजाचे दांडे वर चढवले; विहीर आणखी खोल झाली. शेवटी तो उठून सभागृहभर फिरला. कडेला आवाज भरदार, मधोमध पोकळ. तिथेच तो थांबला आणि लालबुंद झाला. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या: एक हवा पुढे ढकलत होता, तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि मधोमध दोघं एकमेकांचा घास खात होते. यावर इक्वलायझर काय करणार, कपाळ?

अध्यक्षांना मध्येच थांबवून त्याने अँप्लिफायर बंद केला. डाव्या स्पीकरची लाल तार काळ्या जागी होती. त्याने ती बदलली आणि भरल्या सभागृहात मेहुण्याची सालटी काढली. बारा वर्षांत लाल-काळं कळत नाही, उद्यापासून तोंड दाखवू नकोस, इथपर्यंत गेला. मेहुणा हसला नाही. खिशातला पेचकस काढून मिक्सरच्या टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाला.

अध्यक्षांनी उरलेलं भाषण तिथेच सोडून वहिनींचं नाव पुकारलं. त्यांनी कागद उघडलाच नाही.

"थांब रे," त्या भावाला म्हणाल्या, नेहमीच्याच हळू आवाजात. तो आवाज कोपऱ्यान् कोपऱ्यात गेला. ठिणगीचं काम चोख होतं, त्यात वाद नाही. मग त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "अहो, डाव्या स्पीकरची तार कुणी जोडली, ते मी इथून पाहिलंय. आता तुम्ही सांगा."

ठिणगीच्या हाताखाली मिक्सर होता. त्यावरचा माईकच्या आवाजाचा दांडा खाली ओढला असता, तर त्यांचा आवाज तिथेच मेला असता. त्याचं बोट त्या दांड्यावर गेलंही. मी मान वळवून बघत होतो. जबडा आवळलेला, मानेच्या शिरा तट्ट. मग बोट बाजूला आलं.

"मी," तो म्हणाला.

इतक्या हळू, की माझ्या शेजारचे पेन्शनर विचारायला लागले, काय म्हणाला, काय म्हणाला.

"मला ऐकू आलं," वहिनी माईकवरून म्हणाल्या, आणि मग कागद उघडला. मेहुणा दाराशीच उभा राहून ऐकत होता. जाताना पेचकस त्याने उचलला, ठिणगीकडे न बघता. ठिणगी तेव्हा पेन्शनरांवर ओरडत होता, झाकणाला हात का लावलात म्हणून.