नुसती पावती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी मी दुसरंच काहीतरी बोलते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — बसा जरा.

इकडे कॅनडात, एटोबिकोला आल्यापासून ह्यांना एकच नाद, मासे पकडायचा. थंडीत तळी गोठली की शनिवारी अंधारातच निघायचे, सोबतीला सावंत भावजी. बर्फावर पुढे हे — लोखंडी पहार आपटत, कुठे जाड, कुठे पातळ, ते कानाने ऐकत. मागे भावजी, दोर धरून. तो आवाज ह्यांनाच कळायचा. भावजी म्हणायचे, मला मेलं सगळं सारखंच ऐकू येतं.

आमचा माणूस नियमाचा फार पक्का. लायसनशिवाय गळाला हात लावणार नाही. आणि त्या वर्षी लायसनची तऱ्हाच बदलली. आधी पोस्टाने कार्ड यायचं, पाकिटात ठेवायचं. आता म्हणे इमेलवर येणार, घरीच साध्या कागदावर छापायचं — झालं लायसन. कॉम्प्युटर मी माझी मीच शिकलेली, त्यामुळे घरातलं असलं सगळं माझ्याकडे. अप्लाय मी केलं, प्रिंट मी काढली.

ह्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. शिक्का नाही, सही नाही. "हे लायसन?"

आमची पिढी कशी, शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाही. तेवढी फट मला पुरली. मी म्हटलं, "ही नुसती पावती हो. कार्ड येईल पोस्टाने."

का म्हटलं? बर्फाची भीती वाटायची असं सांगितलं, तर तुम्ही समजून घ्याल. पण ते खरं नाही. मुलगी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेलेली, शनिवारभर घरात मी एकटी — मला शनिवारी माणूस घरात हवा होता. बस, एवढंच.

मिळाले मला शनिवार. मी घावणे करायचे, हे खायचे, आणि उठून पोस्टाची पेटी बघून यायचे.

त्या जानेवारीत मध्येच ऊब पडली. छपरावरून दिवसभर पाणी ठिबकत होतं. शुक्रवारी भावजींचा फोन. त्यांचं जुनं कार्ड अजून चालू होतं, नव्या कागदाची त्यांना खबरच नव्हती. "काय मुकादम, सरकारला भिता की वहिनींना?" हे हसले. कार्ड हातात आल्याशिवाय नाही येत, म्हणाले. मी तिथेच उभी. एक वाक्य बोलायचं होतं फक्त — बोलले का? पीठ कालवत राहिले.

भावजी एकटे गेले. पोलिसांना गाडी काठावर सापडली. भावजी सापडायला आणखी वेळ लागला.

ह्यांनी त्यानंतर गळाला हात लावला नाही. पण बोलणं काही थांबत नाही. कुणाकडे जेवायला गेलो, की गाडी तिथेच येते — "ते कार्ड वेळेवर आलं असतं, तर पुढे मी असतो. सावंत आज असता." सावंत वहिनी असल्या तर त्याच ह्यांची समजूत घालतात, तुमचा काय दोष म्हणतात. मग हे माझ्याकडे बघतात, मी सांगावं म्हणून — किती वाट पाहिली आपण त्या कार्डाची.

आणि मी मान हलवते. हो ना, म्हणते.