नऊ दिवसांचा ताण

सौंसरच्या आसपासच्या बगीच्यांत हिरामण सोमकुवरच्या हातून संत्र्याची हजारेक झाडं तरी लागली असतील. कोणतं झाड कधी तहानलेलं ठेवायचं आणि त्याचा ताण कोणत्या दिवशी पाणी देऊन तोडायचा, हे त्याला पानाकडे बघून कळत असे. बगीच्याचे मालक भगवंतराव शिकलेले, पण तेही पाणी सोडण्याआधी विचारत, "हिरामण, काय म्हणते झाड?" अशा माणसाला शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात एका वीतभर रोपाने पार गोंधळात टाकलं.

रोप त्याच्या मुलीचं, पुष्पाचं होतं. पुष्पा छिंदवाड्याला मावशीकडे राहून बी. एस्सी. करत होती. वस्तीतून कॉलेजात गेलेली ती पहिलीच पोरगी. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिच्यापुढे एक निळं फूल ठेवलं होतं, लार्कस्परचं. ते उभं कापायचं, आतली रचना दाखवायची आणि झाडाचं कूळ सांगायचं. बंगल्यांतल्या मुलींच्या अंगणात ते फूल होतं. पुष्पाने ते जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिने ब्लेड चालवलं आणि फुलाचा लगदा झाला. त्या विषयात ती नापास झाली. आता फेब्रुवारीत पुन्हा तीच परीक्षा होती, आणि तेव्हाही गेली तर मावशीकडचं राहणं आणि कॉलेज दोन्ही संपणार होतं.

नोव्हेंबरात ती सुटीवर आली तेव्हा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हे रोप घेऊन आली. कॉलेजच्या माळ्याने वाफ्यातून उपटून दिलेलं.

"मावशीच्या खोलीत ऊन येत नाही, बाबा. तुमच्याजवळच जगंल हे. परीक्षेच्या आधी चार फुलं आली तरी मले हात बसवता येईल."

हिरामणने रोप उलटसुलट पाहिलं. "याले फळ कोणतं येते?"

"खायचं नाही येत. इखारी असते हे."

"मंग फूल? बुद्धासमोर ठेवाले?"

"कापाले."

"अन् कापून?"

"कापून पाहाचं. आतमधी काय काय हाय ते."

हिरामणने बायकोकडे पाहिलं. कुसुम रोपाची पानं बोटांनी चाचपत होती. "शेपूवानी दिसते," ती म्हणाली.

"माय, चुकून भाजीत टाकू नको."

"मले शेपू वळखू येते बाई. इतकी शिकली नाही, पण तेवढं समजते."

मोहगावच्या बाजारातून हिरामणने मातीची कुंडी आणली. तळाला खापऱ्या, त्यावर काळी माती, वाळू, जुनं शेणखत. रोप लागलं, वाढलं, हातभर झालं. पण डिसेंबर सरत आला तरी कळीचा पत्ता नव्हता. पुष्पाचं कार्ड आलं, 'बाबा, कळी आली का? मी पंचवीस जानेवारीला येते.' हिरामण ते कार्ड दोन दिवस खिशात घेऊन फिरला. कामाच्या मधेही तो ते काढून वाचत बसे.

बगीच्यात त्याच्यासोबत काम करणाऱ्या श्रावणला तेवढंच पुरलं.

"हिरामणदादा, पुऱ्या तहसिलीचा बहर तुम्ही आणता, अन् घरचं एक रोप फुलत नाही? ताण देल्ला का त्याले?"

श्रावण हसत होता, पण हिरामणच्या डोक्यात ते घर करून बसलं. संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही. पाणी तोडलं की झाड घाबरतं, पानं टाकतं, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी लदबदून जातं. हे त्याने तीस वर्षं केलं होतं. मग कुंडीतल्या झाडाला वेगळा न्याय कसा? प्रश्न फक्त दिवसांचा होता. संत्र्याला चाळीस दिवस. पण संत्र्याची मुळं खोल जातात, आणि इथे सगळी मिळून पाटीभर माती. अंगणात बसून त्याने बोटांवर बराच हिशेब केला आणि नऊ दिवस ठरवले.

"कुसुम, कुंडीले पाणी नको देऊ. मी सांगतो तवा."

"अन् मेलं तं?"

"मरत नाही. झाडाचं मले समजते."

तिसऱ्या दिवशी रोपाने मान टाकली. चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. बगीच्यात अशी पानं दिसली असती तर हिरामण खूश झाला असता. इथे खूश व्हावं की घाबरावं हेच त्याला कळेना. कामावरून आला की तो आधी कुंडीकडे जाई, पानं निरखी आणि तसाच उभा राही. पाण्याचा लोटा उचलायचा, पुन्हा ठेवायचा, असं त्याने कितीदा केलं असेल. सहाव्या दिवसापासून मात्र रोप सावरलं. शेंड्याची पानं टवटवीत झाली. पाणी नसताना ती टवटवीत कशी, हे कोडं होतं, पण त्याने श्रावणला ऐटीत सांगितलं, "कणखर जात हाय."

नवव्या दिवशी त्याने लोटाभर पाणी घालून ताण तोडला. आठवडाभरात शेंड्याला कळ्या दिसल्या. पंचवीस तारखेला पुष्पा दुपारच्या बसने आली तेव्हा तीन निळी फुलं उमलली होती. तिने पिशवी दारातच टाकली आणि कुंडीजवळ उकिडवी बसली.

"बाबा, कॉलेजच्या वाफ्यात अजून कळी बी नाही."

हिरामणने कुंडी उजेडाकडे जराशी फिरवली. मग पुष्पाने ब्लेड काढलं, पहिलं फूल खुडलं आणि पांढऱ्या बशीत ठेवून कापलं. ब्लेड तिरकं गेलं. दुसऱ्याचंही तसंच झालं. तिने ब्लेड खाली ठेवलं, वही घेतली.

"बाबा, लवकर फुलवलं कसं? मॅडम विचारतीन."

"ताण देल्ला. नऊ दिवस पाणी बंद."

पुष्पाने लिहिलं, 'नऊ दिवस पाणी बंद.' चुलीपाशी बसलेली कुसुम न वळता म्हणाली, "नऊ कायचे? चारच."

"चार कसे?" हिरामण म्हणाला.

"पाचव्या दिवशी पाहावलं नाही मले. तवापासून रोज तांदळाचं धुवण टाकून राहिली होती. तुम्ही कामाले गेल्यावर."

पुष्पाची पेन्सिल वहीवर तशीच थांबली.

"मंग फूल ताणानं आलं का धुवणानं?" तिने विचारलं.

"का आपोआप?" कुसुम म्हणाली.

हिरामणने कुंडीकडे पाहिलं. या एका रोपाचा हिशेब चुकला तर चुकला, पण मग बगीच्यातली ती हजार झाडं? त्यातली किती त्याच्या हिशेबाने फुलली आणि किती आपल्या मनाने? तो विचार करत गेला तसा आणखीच गुरफटत गेला.

"काय लिहू, बाबा?"

"खोडून टाक ते. आधी तिसरं काप."

"एकच राहिलं. बिघडलं तं?"

"बिघडलं तं कळ्या हायत. घाई करू नको. कलम बांधतो तसं. देठाकडून धर, पातं दाबू नको, वढून घे."

तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि बशी दोन्ही हातांनी धरली. पुष्पाने श्वास रोखून ब्लेड ओढलं. फूल मधोमध सरळ दुभंगलं. तिने दोन्ही भाग उघडे करून त्याच्यासमोर धरले. फुलाच्या पाठीमागे शेपटीसारखी एक नळी होती, आणि त्या नळीच्या आत तशीच दुसरी बारीक नळी.

"मध असते आतमधी," पुष्पा म्हणाली. तिचा आवाज आता हलका झाला होता.

"मंग एका नळीत दुसरी कायले?"

पुष्पाने पुस्तक उघडलं, एक पान पाहिलं, मागचं पाहिलं. "ते नाही देल्लं," ती म्हणाली, आणि आकृती काढायला लागली. हिरामण बशी तशीच धरून बसला.