बिनठोशाचं सोनं

धान्याच्या मोंढ्यात काट्यापाशी उभं राहिलं की पायाशी दाणे सांडतात, अन् बॉक्सिंगच्या काट्यापाशी उभं राहिलं की किस्से. झाडून भरले तर पोतं होईल! मी परभणीचा मापाडी. आठवडाभर सोयाबीन तोलतो, स्पर्धा असली की बॉक्सर. फरक एवढाच, सोयाबीन केळी खाऊन येत नाही.

०

आमच्या क्लबात नवं कोणी आलं की कोच लिंबाजी सर फॉर्म भरून घेताना विचारतात, "ध्येय काय?"

एकजण म्हणाला, "पोलीस." दुसरा, "पोलीस." तिसरा, "तलाठी." भरतीत खेळाडूंचा कोटा असतो ना! आमच्याकडं बॉक्सिंग सर्टिफिकेटसाठी असतं. ठोसे मधे येतात, त्याला इलाज नाही.

पालमची सविता, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "मला एकदा कोणाशी तरी खरंखुरं लढायचंय."

सर माझ्या कानात म्हणाले, "हिला फॉर्म समजला न्हाई वाटतं!"

०

सरांची विद्या हातात नाही, यादीत. ज्या वजनगटात कोणाचंच नाव नाही, त्यात आपला खेळाडू घुसवायचा. समोर कोणी आलंच नाही तर सोनं आपलं!

चुडाव्याचा गजू असाच वरच्या गटात घातला. दीड किलो कमी पडत होतं. दोन डझन केळी अन् कळशीभर पाणी पोटात घालून गडी काट्यावर चढला.

मी आकडा नीट बघायलो, तर डोळे पांढरे करून म्हणतो, "काका, लवकर लिहा! हे लय वेळ राहायचं न्हाई!"

०

त्या सोन्याची चुडाव्यात मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, बॅनरवर गजूची मूठ. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "समोरचा किती वेळ टिकला रे?"

गजू म्हणाला, "भिऊन आलाच न्हाई!"

खोटं कुठं होतं त्यात?

०

पुढं गजू पोरगी बघायला गेला. मीही होतो. पोरीचा आजा जुना पैलवान, दोन्ही कान मोडलेले. त्यानं पदकं पाहिली, मग गजूचं सरळ नाक पाहिलं.

"पाव्हणं, एवढी पदकं अन् नाकाला ओरखडा न्हाई? मोंढ्यातून तोलून आणली का?"

मी चहात तोंड घातलं.

०

मग एकदा सगळ्याच कोचांना एकच रिकामा गट सापडला! सकाळी काट्यापुढं अकरा जण, अकराही केळ्याचे ढेकर देणारे. गजूला जन्मात पहिल्यांदा लढावं लागलं. पहिला ठोसा पोटात बसला अन् पंचानं सामना थांबवला.

सर धावले, "रक्त आलं का?"

पंच बूट झटकत म्हणाला, "रक्त न्हाई. शिकरण!"

०

सविताची तऱ्हाच न्यारी. तिच्या वजनाचं जिल्ह्यात कोणीच नाही. तीन वर्षांत चार सुवर्णपदकं, लढत एकही नाही. दर वेळी ग्लोव्ह्ज घालून रिंगणात जायची, पंच तिचा हात वर करायचा, अन् ही हरल्यासारखी उतरायची.

दर वेळी काट्यावर मला हळूच विचारायची, "काका, दुसरी कोणी आली का?"

"न्हाई गं पोरी."

यंदा आली! नांदेडकडून परभणीला शिकायला आलेली, दंड बघूनच मला घाम फुटला. सर केळ्यांची फणी घेऊन धावत आले. "सविता, वरचा गट रिकामा हाय! खा लवकर! भरतीला सोनं लागतंय!"

"तुमीच खा सर," म्हणून ती काट्यावर चढली. काटा बरोबर तिच्याच गटावर थांबला.

तिन्ही फेऱ्या लढली. ओठ फुटला, डोळा सुजला, हरली. सर कपाळाला हात लावून बसले.

चार दिवसांनी मी अन् सर तिची समजूत घालायला एसटीनं पालमला गेलो. सांजच्याला मेंढरं घरी यायली होती. पुढं सविता, एक डोळा बंद, गळ्यात रुपेरी पदक. मागं चार मेंढ्या, अन् चौघींच्या गळ्यात सुवर्णपदकं!

सर ओरडले, "अगं, हे काय केलंस?"

सविता फुटक्या ओठानं हसली. "सर, त्यांच्यासमोर बी कोणी आलं न्हाई."