काही बदल नाही

शिवणकाम करणाऱ्या ताईंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची. गिऱ्हाईक ट्रायलला आरशासमोर उभं राहून "इथे जरा सैल, तिथे जरा घट्ट" करू लागलं, की तोंडात टाचण्या धरूनच त्या त्याला फैलावर घेत. आणि कुणी "काही बदल नाही" म्हटलं, की कपडा पास! त्यांच्या दुकानात याहून गोड शब्द नव्हते.

पण धाकट्या भावाच्या मेंदूतली गाठ काढून तिचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला, तेव्हापासून ताईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आज निकाल कळणार होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं बसलेली असताना डॉक्टरांची मदतनीस घाईघाईने बाहेर आली. ताईंनी तिला अडवलंच.

"अहो, एवढं तरी सांगा, निघालं का काही?"

"जनुकात बदल नाही सापडला. आत या, डॉक्टर बोलतील."

"ऐकलंस का रे? काही बदल नाही! उगाच जिवाला घोर लावलास मेल्या!" ताईंनी भावाच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला, कितीतरी दिवसांनी हसला. ताई आत जाईपर्यंत त्याने लेकीला फोन लावलासुद्धा.

डॉक्टरबाई जपून बोलल्या. "ताई, तुमचा गैरसमज झालाय. अशा गाठीत तो बदल असलेलाच बरा. बदल असलेल्या गाठी सावकाश वाढतात, माणसाला वर्षं मिळतात. यांच्या गाठीत तो नाही. ही भराभर वाढणारी आहे."

"म्हणजे... बदल नाही, तेच वाईट?"

"हो."

"किती दिवस?"

"नेमकं कुणीच सांगू शकत नाही. गोळ्या, किरणांचे उपचार, सगळं देऊ. तरी बहुतेकांना वर्ष, दीड वर्ष. थोडे त्यापुढेही जातात."

स्वतःच्या जिभेचा इतका राग ताईंना जन्मात आला नव्हता. जरा दम धरला असता तर काय बिघडलं असतं! आता कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर जायचं?

बाहेर भाऊ फोन खिशात टाकत होता. "ताई, कॉलेज सोडून घरी येते म्हणून हटून बसली होती पोरगी. चांगलं दरडावलं. म्हटलं, बापाला काही झालेलं नाही, शिक्षण पुरं झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. रडली गं आनंदाने."

ताई त्याच्या शेजारी बसल्या. त्याचा हात हातात घेतला. तो अजून हसतच होता.

"परत फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, ये."